स्त्रीमदजन आणि हृदय : एका संज्ञेचा व एका विस्मरणाचा इतिहास

ज्या द्रव्यास पाश्चात्त्य वैद्यक ‘इस्ट्रोजेन’ म्हणते त्यास मराठी विश्वकोशाने ‘स्त्रीमदजन’ असे नाव दिले आहे. शालेय पुस्तकांतून ‘इस्ट्रोजेन संप्रेरक’ असा मिश्र प्रयोग आढळतो, आणि सोलापुरातील दवाखान्यांत तर केवळ ‘हार्मोन’ एवढा एकच शब्द चालतो. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र होय, वैद्यक नव्हे. तेव्हा हृदयविकाराच्या इतिहासात शिरण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, असा प्रश्न वाचकांनी विचारल्यास तो रास्तच ठरेल. परंतु एखाद्या वस्तूस प्रथम कोणत्या प्रसंगी नाव मिळाले, आणि त्या नावाने पुढे कोणते प्रश्न सुचू दिले व कोणते झाकून ठेवले, हा विचार भाषाशास्त्राच्या कक्षेबाहेरचा नाही. रक्तपुरवठा खंडित झाल्याने जखमी होणाऱ्या हृदयावर स्त्रीमदजनाचा काय परिणाम होतो, ह्या प्रश्नाचा इतिहास तपासू लागताच नावांचा इतिहास आपोआप हाती येतो.

प्रथम नाव पाहू. ग्रीक भाषेत ‘ऑइस्ट्रॉस’ म्हणजे गुरांना चावणारी गोमाशी. ती चावली की जनावर पिसाटल्यागत उधळते, म्हणून तोच शब्द उन्मादासाठी, व पुढे प्राणिशास्त्रात मादीच्या माजासाठी रूढ झाला. त्याला ‘उत्पन्न करणारे’ ह्या अर्थाचा प्रत्यय जोडून इस्ट्रोजेन हे नाव सिद्ध झाले. विश्वकोशाच्या परिभाषाकारांनी ह्याचे भाषांतर मोठ्या काटेकोरपणे केले. माजाला ‘मद’, उत्पादकाला ‘जन’. मात्र आरंभीचे ‘स्त्री’ हे पद त्यांनी पदरचे घातले. मूळ ग्रीक शब्दात स्त्री कोठेच नाही. ‘पौरुषजन’ ह्या जोडशब्दाशी तोल साधण्यासाठी ते आले असावे, असा माझा तर्क आहे. परिणाम असा झाला, की जे नाव मुळात एका क्रियेपुरते मर्यादित होते ते मराठीत एका लिंगापुरतेही मर्यादित झाले. वास्तविक हे द्रव्य पुरुषाच्या शरीरातही तयार होते, आणि पुरुषाच्या हृदयातही त्याचे ग्राही असतात.

नाव असे का पडले, ह्याचे उत्तर प्रयोगशाळेत आहे. १९२३ साली अमेरिकेत एडगर ॲलन व एडवर्ड डॉइझी ह्यांनी बीजपुटकांतील द्रव टोचून, बीजांडकोश काढलेल्या मादी उंदरांत माजाची लक्षणे उत्पन्न करून दाखविली. द्रव्य डोळ्यांना दिसत नव्हते व त्याची रासायनिक घडण ठाऊक नव्हती. उंदरी माजावर आली म्हणजे द्रव्य आहे, न आली तर नाही, एवढीच काय ती कसोटी होती. १९२९ मध्ये डॉइझी व जर्मनीत आडोल्फ बुटेनांट ह्यांनी स्वतंत्रपणे त्यातील एक रूप स्फटिकस्वरूपात वेगळे केले. पुढे त्याचे अधिक प्रभावी रूप, एस्ट्रॅडिऑल, मिळविण्यासाठी डॉइझींच्या प्रयोगशाळेने डुकरिणींचे चार टन बीजांडकोश वापरले आणि हाती सुमारे १२ मिलिग्रॅम द्रव्य लागले. एवढ्या कष्टाने मिळालेल्या पदार्थाचे मोजमाप ज्या कसोटीने होई, तिचेच नाव त्याला कायमचे चिकटले. त्या कसोटीत हृदयाला स्थान नव्हते. सर्वसाधारण ‘हॉर्मोन’ ह्या शब्दाचे भाग्य ह्याहून बरे. १९०५ साली स्टार्लिंग ह्यांनी तो वापरला तेव्हा ‘चालना देणे’ एवढाच अर्थ त्यांच्या मनात होता. आपले ‘संप्रेरक’ त्याचा चोख प्रतिशब्द आहे, आणि कोणत्या अवयवाला चालना द्यावयाची हे तो बांधून ठेवीत नाही.

आता दुसरी बाजू. १७६८ साली लंडनमध्ये विल्यम हेबर्डेन ह्यांनी छातीतील ज्या वेदनेचे वर्णन वैद्यमंडळासमोर वाचले, तिच्या त्यांनी पुढे पाहिलेल्या जवळजवळ शंभर रुग्णांत स्त्रिया अवघ्या तीन होत्या. तेव्हापासून हा आजार पुरुषांचा, त्यातही चाळिशी-पन्नाशीच्या खात्यापित्या पुरुषांचा, अशी समजूत दृढ झाली. १९१२ साली शिकागोच्या जेम्स हेरिक ह्यांनी हृदयाच्या रोहिणीत रक्ताची गुठळी अडकल्याने येणाऱ्या झटक्याचे स्वरूप विशद केले, तरी समजुतीत फरक पडला नाही.

आपल्याकडील पहिल्या मोठ्या मोजणीनेही तीच वाट धरली. पश्चिम रेल्वेच्या वैद्यकीय विभागातील डॉ. एस. एल. मल्होत्रा ह्यांनी १९६७ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये भारतीय रेल्वेच्या दहा लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांतील हृद्‌रोगमृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. उत्तरेपेक्षा दक्षिणेत हे मृत्यू कितीतरी पटींनी अधिक होतात, असा त्यांचा निष्कर्ष होता आणि आहारातील स्निग्ध पदार्थांच्या भेदाने त्यांनी त्याची मीमांसा केली. सोलापूर हे रेल्वेचे गाव आहे. येथील स्थानकावरचे फाटकवाले, फायरमन, कारकून असेच लोक त्या काळी रेल्वेच्या हजेरीपटावर असत. मल्होत्रांच्या अभ्यासाचे मोल कमी लेखण्याचा हेतू नाही. ज्या देशात मृत्यूचे कारण नोंदविण्याची धड सोय नव्हती तेथे रेल्वेच्या दप्तराचा असा उपयोग करणे ही कल्पकताच होती. परंतु रेल्वेचे नोकर म्हणजे बव्हंशी पुरुष. त्यांच्या बायका, किंवा त्याच गावात विड्या वळणाऱ्या, दिवसभर तंबाखूच्या धुरळ्यात बसणाऱ्या स्त्रिया कोणत्याच हजेरीपटावर नव्हत्या. ज्यांची मोजणी नाही त्यांना आजार नाही, असे कोणी लिहिले नाही. पण वाचणाऱ्याने तसा ग्रह करून घेतला.

अमेरिकेत फ्रेमिंगहॅम येथे १९४८ साली सुरू झालेल्या पाहणीत मात्र ५,२०९ स्त्रीपुरुष दोन्ही घेतले होते. तीमधून १९७० नंतरच्या दशकात स्पष्ट झाले, की ऋतुप्राप्ती चालू असेपर्यंत स्त्रियांत हृद्‌रोग विरळा, आणि ती थांबली की प्रमाण वाढू लागते. मग द्रव्य हेच कवच, असा तर्क सहज निघाला. मौज अशी, की त्या तर्काची पहिली मोठी परीक्षा पुरुषांवरच झाली. हृदयाचा झटका येऊन गेलेल्या अमेरिकन पुरुषांना घोड्यांच्या गाभण माद्यांच्या मूत्रातून काढलेले स्त्रीमदजन देण्यात आले. मोठ्या मात्रेचा गट १९७० मध्ये व लहान मात्रेचा १९७३ मध्ये थांबवावा लागला, कारण लाभ तर नाहीच, उलट गुठळ्यांसारखे अपाय दिसू लागले. पुढे परिचारिकांच्या प्रदीर्घ पाहणीत गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना झटके कमी येतात असे १९८५ साली दिसले आणि आशा पुन्हा उंचावली. १९९८ मध्ये २,७६३ हृद्‌रोगी स्त्रियांवरील चिकित्सापरीक्षणाने, आणि २००२ मध्ये १६,६०८ स्त्रियांवरील परीक्षणाने ती खाली आणली. ह्या दुसऱ्या परीक्षणात स्त्रीमदजन व प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्यांत झटके वाढलेले आढळले आणि ते मुदतीपूर्वी थांबविण्यात आले. एकाच पदार्थाविषयी वीस वर्षांत दोन टोकांची मते व्हावीत, ह्याने सामान्य वैद्य गोंधळून गेला तर नवल नाही.

तोवर प्रयोगशाळेत दुसऱ्याच बाजूने काम चालले होते, आणि ह्या इतिहासातील खरा समृद्ध भाग तोच आहे.

हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा अडला म्हणजे विश्वकोशाच्या भाषेत ‘स्थानिक अरक्तता’ उत्पन्न होते, आणि ती लांबली तर ‘अभिकोथ’, म्हणजे त्या भागाचा मृत्यू. रक्त पुन्हा सुरू झाले की संकट टळले, असे सामान्यतः वाटते. १९६० साली अमेरिकेत रॉबर्ट जेनिंग्ज व सहकाऱ्यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखविले, की काही काळ उपाशी राहिलेल्या पेशींवर रक्ताचा लोंढा परत आला असता नाशाची चिन्हे उलट झपाट्याने प्रकट होतात. दुष्काळातून आलेल्या माणसाने पहिल्याच पंगतीत पोटभर जेवावे व त्यानेच आजारी पडावे, तसा हा प्रकार. प्राणवायू एकाएकी परतल्याने पेशीत अतिक्रियाशील ऑक्सिजनयुक्त रेणू निर्माण होतात, कॅल्शियम भरमसाट आत शिरते, आणि पेशीला ऊर्जा पुरविणाऱ्या कलकणूंच्या पटलात एक छिद्र उघडते. हे छिद्र फार वेळ उघडे राहिले की कलकणू फुगतात, ऊर्जेची निर्मिती थांबते, आणि पेशी मरते. आज झटका आलेल्या रुग्णाची बंद रोहिणी फुगा घालून उघडतात तेव्हा जीव वाचतो हे निःसंशय खरे. तथापि त्या उघडण्याचीही काही किंमत हृदय मोजते.

ह्या जखमेचे माप घेण्याची रीत पाहण्यासारखी आहे. उंदराच्या हृदयाची एक रोहिणी साधारणपणे अर्धा तास बांधतात व नंतर सोडतात. काही तासांनी हृदयाच्या चकत्या कापून एका रंगद्रव्याच्या द्रावणात ठेवतात. जिवंत स्नायू विटेसारखा तांबडा होतो, मेलेला फिकट राहतो. फिकट भागाचे क्षेत्र मोजले की जखमेचा आकार कळतो. पुष्कळ प्रयोगांत तरुण मादीच्या हृदयातील फिकट भाग नराच्या मानाने लहान निघाला. बीजांडकोश काढून टाकल्यावर हा लाभ नाहीसा झाला किंवा घटला, आणि एस्ट्रॅडिऑल बाहेरून दिल्यावर बऱ्याच अंशी परत आला. सर्वच प्रयोगांत असे दिसले नाही, हेही नमूद केले पाहिजे. प्राण्याची जात, वय, रोहिणी बांधण्याचा अवधी, द्रव्याची मात्रा ह्यांनी निकाल बदलतात. वृद्ध माद्यांत तर हा लाभ पुष्कळ क्षीण होतो.

हे घडते कसे, ह्याचा उलगडा ग्राहींच्या शोधाने होत गेला. एल्वुड जेन्सन ह्यांनी १९५० नंतरच्या दशकात ह्या द्रव्याचा पहिला ग्राही हुडकला. दीर्घकाळ तो एकच आहे असे मानले जाई. १९९६ मध्ये स्वीडनमधील संशोधकांना दुसरा सापडला, आणि तो सापडला नर उंदराच्या पुरःस्थ ग्रंथीत. ‘स्त्री’ ह्या उपपदाला हा चांगलाच धक्का होता. त्याच सुमारास हृदयाच्या स्नायुपेशींतही हे ग्राही असल्याचे दाखविण्यात आले. २००५ मध्ये पेशीतील पटलांशी निगडित असा तिसरा ग्राही ह्या द्रव्याला प्रतिसाद देतो असे पुढे आले. पहिले दोघे मुख्यतः पेशीकेंद्रातील जनुकांमार्फत तासा-दिवसांत काम करतात, तर तिसऱ्याची क्रिया मिनिटांत होते. झटक्याच्या वेळी महत्त्व मिनिटांना असते. २०१० साली लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी उंदराच्या वेगळ्या काढलेल्या हृदयावर दाखविले, की ह्या तिसऱ्या ग्राहीस चेतविले असता रक्त परतल्यावरची जखम लहान राहते आणि कलकणूंवरील ते घातक छिद्र सहजी उघडत नाही. शिवाय एस्ट्रॅडिऑल रोहिणीच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती वाढवून तिला सैल करते, हे आधीच ठाऊक झाले होते.

ज्या द्रव्याची ओळख उंदरीच्या माजावरून झाली ते हृदयपेशीच्या कलकणूच्या दारावर पहारा करते, हे कळण्यास १९२३ पासून जवळजवळ नव्वद वर्षे लागली. नावामुळेच ही दिरंगाई झाली, असे मी म्हणणार नाही. साधनेच नव्हती. परंतु नावाने शोधाची दिशा गर्भाशयाकडे वळवून ठेवली, एवढे म्हणावयास हरकत नसावी.

मग चिकित्सापरीक्षणे का फसली? २००७ पासून पुढे येत गेलेले उत्तर काळाशी संबंधित आहे. परीक्षणातील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. ऋतुनिवृत्ती होऊन दशक उलटल्यावर, रोहिण्यांत आधीच कीट साचल्यावर, औषध सुरू झाले होते. निवृत्तीनंतर लवकर सुरू केले तर रोहिणीच्या भिंतीची जाडी सावकाश वाढते, उशिरा केले तर तो लाभ दिसत नाही, असा निष्कर्ष २०१६ च्या एका परीक्षणाने दिला. तरीही केवळ हृदयाच्या रक्षणासाठी हे औषध सरसकट द्यावे असे आज कोणी जबाबदार वैद्य सांगत नाही. अपवाद एक आहे, आणि तो आपल्या भागाला फार जवळचा आहे. ज्यांची ऋतुनिवृत्ती चाळिशीपूर्वी, निसर्गाने वा शस्त्रक्रियेने झाली, त्यांना अन्य बाध नसल्यास नैसर्गिक निवृत्तीच्या वयापर्यंत हे द्रव्य द्यावे, अशी आजची मान्य चिकित्सा आहे.

सुश्रुतसंहितेत आर्तवाचा आरंभ बाराव्या व क्षय पन्नासाव्या वर्षी सांगितला आहे. आजच्या भारतीय स्त्रीची निवृत्ती सरासरीने ४६-४७ व्या वर्षाच्या सुमारास होते असे पाहण्या सांगतात. आता सोलापूर जिल्ह्याच्या उसाच्या फडाकडे वळू. साखर कारखान्यांच्या संख्येत राज्यात अग्रभागी असलेल्या ह्या जिल्ह्यात दर हंगामाला बीड व आसपासच्या भागांतून टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि मजुरीचा हिशेब ‘कोयत्या’वर होतो. एक कोयता म्हणजे एक नवरा व एक बायको. गणनेच्या ह्या एककात स्त्री अर्धी आहे, आणि तिने एक दिवस काम चुकविले तर ‘खाडा’ धरला जातो. २०१९ साली बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे वृत्त आले, तेव्हा शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती, म्हणजे दर सहा जणींत एक. पुष्कळ जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. पाळीच्या दिवसांतील खाडा टळावा, अंगावरचे पांढरे जाणे थांबावे, कर्करोग होईल अशी घातलेली भीती, अशी कारणे त्या वेळी पुढे आली. पुढे अशा शस्त्रक्रियेस जिल्हा शल्यचिकित्सकांची पूर्वपरवानगी आवश्यक करण्यात आली, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अन्य राज्यांतील अशाच प्रकरणी निर्णय देताना सर्व राज्यांनी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारावीत असा आदेश दिला.

ह्या प्रकरणाची चर्चा झाली ती गर्भाशयाच्या, मजुरीच्या आणि फसवणुकीच्या अंगाने. ती व्हावयास हवीच होती. हृदयाचा उल्लेख मात्र क्वचित झाला. गर्भाशय काढूनही बीजांडकोश राखले असतील तर स्त्रीमदजनाचा स्राव चालू राहतो, जरी तो थोडा लवकर आटण्याचा संभव असतो. बीजांडकोशही काढले असतील तर तो एका दिवसात तुटतो. पंचेचाळिशीपूर्वी दोन्ही बीजांडकोश गमावलेल्या व नंतर हे द्रव्य न मिळालेल्या स्त्रियांत हृद्‌रोगाचे मृत्यू वाढतात, असे अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या दीर्घ पाहणीत आढळले आहे. अशा पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, आणि मिनेसोटातील स्त्री व बीडची ऊसतोड कामगार ह्यांच्या जीवनात महदंतर आहे, हे मान्य. परंतु ते अंतर बीडच्या स्त्रीच्या बाजूचे नाही. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या स्त्रीच्या हृदयावर पडणारा भार कोणत्याही परीक्षणात मोजलेला नाही.

येथे पुन्हा शब्दाकडे यावे लागते. फडावर, वाड्यावस्त्यांवर व सोलापुरातील विडी कामगारांच्या वस्त्यांतही ह्या शस्त्रक्रियेला एकच नाव आहे : ‘पिशवी काढली’. पूर्वभागातील तेलुगू भाषक स्त्रिया ‘गर्भसंची’ म्हणतात. संची म्हणजेही पिशवीच. कन्नडात ‘गर्भकोश’ आहे. तिन्ही भाषांत प्रतिमा एकच, की मूल ठेवण्याचे एक पात्र आहे व गरज सरली की ते रिकामे पात्र काढता येते. पात्र स्वतः काही करीत नसते. बीजांडकोशाला ह्या बोलींत स्वतंत्र व रुळलेला शब्द माझ्या ऐकण्यात आलेला नाही. ‘अंडाशय’ हा पुस्तकी शब्द परिचारिका वापरतात, पण घरी जाऊन तो कोणी उच्चारीत नाही. त्यामुळे ‘पिशवी काढली’ ह्या वाक्यात नेमके काय काढले हे सांगण्याची सोयच नाही.

वेदनेच्या शब्दाचेही तसेच. मराठीत छातीत ‘कळ’ येते, आणि बाळंतिणीलाही ‘कळा’ येतात. हृदयाच्या झटक्यात स्त्रियांनाही छातीत कळ येतेच. पण तिच्या जोडीला धाप, मळमळ, पाठीत वा जबड्यात दुखणे, विलक्षण थकवा ही लक्षणे त्यांच्यात पुरुषांपेक्षा अधिक आढळतात, आणि त्यांना बोलीत ‘जीव घाबरा झाला’, ‘पित्त झालं’, ‘अंगात कणकण आहे’ अशी नावे मिळतात. ह्या नावांनी कोणी हृदयाची तपासणी करीत नाही.

शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयातून मिळणाऱ्या कागदावर इंग्रजी आद्याक्षरे असतात. नुसते ‘टी. ए. एच.’ असेल तर पोट उघडून गर्भाशय काढले असे समजावे. पुढे ‘बी. एस. ओ.’ ही तीन अक्षरे असतील तर दोन्ही बाजूंच्या नलिका व बीजांडकोशही गेले. ज्या स्त्रीच्या हृदयाविषयी हा सारा इतिहास काही सांगू शकतो ती कोणती, हे ओळखण्याची खूण ती तीन अक्षरे. कागद बहुधा कोपीच्या छपरात खोवलेला असतो आणि पुढच्या हंगामात कोपी दुसऱ्या फडावर उभी राहते. दहा वर्षांनी ती स्त्री धाप लागली म्हणून दवाखान्यात येईल तेव्हा ‘ऑपरेशन कसलं झालं?’ ह्या प्रश्नाला ‘पिशवीचं’ असे उत्तर देईल. त्यावर दुसरा प्रश्न डॉक्टरने विचारावयाचा आहे, आणि तो तिला कळेल अशा मराठीत कसा विचारावा, हे आपल्या परिभाषासमित्यांनी अद्याप ठरविलेले नाही. ‘पिशवीच्या दोन्ही बाजूंच्या बीजाच्या गाठी ठेवल्या का काढल्या?’ असा काहीसा प्रश्न चालू शकेल. ‘गाठी’ ह्या शब्दात रोगाची शंका मिसळते, हा त्याचा दोष. ‘बीजघर’ हा शब्द मला त्याहून बरा वाटतो.